आईंना ‘इथं भूल नको’ म्हणाले, ते बरं झालं

पत्र मोठं होतं, त्यातलं मुद्द्याचं देते आहे.

‘डॉक्टरताई, मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. माझी आई ५२ वर्षांची. उंची ५ फूट १ इंच, वजन ११२ किलो. बीपीची गोळी चालू आहे. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. पोळ्यापासून तीनदा पोट दुखून भरती करावं लागलं. सर्जन ऑपरेशनला तयार होते. पण भुलीच्या डॉक्टरांनी आईला तोंड उघडायला लावून बॅटरी मारून पाहिलं, टेपने मान मोजली, घोरते का विचारलं आणि म्हणाले, इथे मी भूल देणार नाही; यवतमाळ, सावंगी नाहीतर सेवाग्रामला न्या. चिठ्ठीवर “मान ४३ सेंमी, तोंड दोन बोटं, एमपी ४” असं लिहून दिलं. मोठेबाबा म्हणतात, “डॉक्टर टाळून राह्यला. जाड माणसायले काय भूल देतच नाई का?” ओळखीतल्या एकाने दुसऱ्या गावातला दवाखाना सांगितला. तिथे पाठीत सुई देऊन उद्याच करून देतात म्हणे, फक्त घोरणं आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) सांगू नका. आई वीस वर्षांपासून खर्रा खाते. रात्री घोरते ते अंगणात ऐकू येतं. मधेच श्वास थांबतो, मग दचकून उठते. दिवसा टीव्हीसमोर बसल्या बसल्या डोळा लागतो. कापूस वेचणी सुरू होते आहे. वजन कमी करून मग ऑपरेशन करावं का? पाठीत सुई घ्यावी का? मोठ्या दवाखान्यात गेलो तर काय विचारायचं?’

ताई,

मोठेबाबांना हे आधी वाचून दाखवा. त्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही. ‘नाही’ म्हटल्याने त्यांची त्या दिवसाची फी गेली, सर्जनची नाराजी आली, वर तुमच्या घरच्यांचे बोलही लागले. हे सगळं दिसत असूनही ते ‘नाही’ म्हणाले, आणि तेवढ्यावर न थांबता चिठ्ठीवर तीन गोष्टी नीट लिहून दिल्या. ती चिठ्ठी जपून ठेवा. आणि ‘उद्याच करून देतो’ म्हणणाऱ्या दवाखान्यात आईंना नेऊ नका. का, ते आता सांगते. थोडं लांबेल, पण हे घरात सगळ्यांना कळायला हवं.

ऑपरेशनच्या टेबलावर कुणाचं काही बरंवाईट झालं की आपल्याकडे गावभर एकच बोललं जातं, ‘भूल जास्त झाली.’ लोकांना वाटतं, जाड माणसाला औषध जास्त लागतं आणि ते अंगावर येतं. औषधाचा हिशेब आम्ही करतो, तो फारसा अवघड नाही. जास्त वजनाच्या माणसाला भूल देताना खरी काळजी असते ती श्वासाची, आणि तीही पहिल्या काही मिनिटांची.

पूर्ण भूल देताना शिरेतून आधी झोपेचं औषध जातं, मग स्नायू सैल करणारं. मिनिटभरात माणसाचा स्वतःचा श्वास थांबतो. जीभ मागे पडते, घसा आतून मिटतो. तिथून पुढे रुग्णाचा श्वास पूर्णपणे भूलतज्ज्ञाच्या हातात असतो. चेहऱ्यावर मास्क घट्ट धरायचा, पिशवी दाबून हवा आत घालायची, मग लॅरिंगोस्कोपने जीभ बाजूला उचलून स्वरयंत्र शोधायचं आणि दोन स्वरतंतूंच्या मधून नळी श्वासनलिकेत सरकवायची. बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची लाट मॉनिटरवर एकामागून एक उमटू लागली, म्हणजे नळी जागेवर आहे.

श्वास थांबल्यापासून नळी बसेपर्यंत शरीर चालतं ते फुप्फुसात शिल्लक असलेल्या हवेवर. साधा श्वास सोडल्यावरही आडव्या पडलेल्या निरोगी माणसाच्या फुप्फुसात दोन लिटरच्या आसपास हवा उरते. झोपवण्याआधी आम्ही तीन मिनिटं मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन ओढायला सांगतो, तो ही शिल्लक ऑक्सिजनने भरून घेण्यासाठी. पडून असलेलं शरीर मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतं. म्हणजे सडपातळ, निरोगी माणसाच्या हाती आठेक मिनिटं असतात. तेवढ्या वेळात नळी एकदा चुकली तरी शांतपणे पुन्हा प्रयत्न करता येतो.

आईंचं तसं नाही. त्या उताण्या झोपल्या की पोटाचा भार छातीच्या पडद्याला वर ढकलतो, छातीवरचं वजन बरगड्यांना उचलू देत नाही. भूल चढल्यावर पडदा सैल होऊन आणखी वर सरकतो. फुप्फुसातली शिल्लक अर्ध्यावर येते, कधी त्याहूनही कमी. आणि ११२ किलोचं शरीर ऑक्सिजन वापरतंही जास्त. लाईट गेल्यावर नळाला टाकीत उरलं असेल तेवढंच पाणी येतं ना, तसंच हे. आईंची टाकी लहान आणि नळ मोठा. अशा माणसाला आधी नीट ऑक्सिजन दिलेला असला, तरी श्वास थांबल्यावर साधारण तीन मिनिटांच्या आतच रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली येतो. ९० च्या खाली गेल्यावर आकडा घसरतो तो फार वेगाने. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा होऊ शकते. भुलीचे डॉक्टर आईंचं वजन विचारून गप्प झाले असतील, तर त्यांच्या डोक्यात हाच हिशेब चालू होता.

आता चिठ्ठीवरचे आकडे. जास्त वजनाच्या प्रत्येकाच्या घशात नळी टाकणं अवघडच जातं, असं मुळीच नाही. कित्येकांची पहिल्या प्रयत्नात बसते. म्हणूनच नुसत्या वजनावर कुणी निर्णय घेत नाही, मान आणि तोंडही पाहतात. मान ४३ सेंटिमीटर याचा अर्थ चरबी नुसती बाहेर नाही, जिभेत आणि घशाच्या भिंतींतही आहे. अशा माणसाला मास्कने हवा देणं जड जातं. बऱ्याचदा एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा आणि दुसऱ्याने पिशवी दाबायची, अशी दोन माणसं लागतात. ‘एमपी ४’ म्हणजे मल्लमपती वर्ग चौथा. मूळचे आंध्र प्रदेशातले आणि पुढे अमेरिकेत बोस्टनला काम केलेले भूलतज्ज्ञ डॉ. मल्लमपती यांनी १९८५ मध्ये ही साधी तपासणी मांडली. माणसाला बसवून तोंड पूर्ण उघडायला आणि जीभ बाहेर काढायला सांगायचं, आणि घशात मागपर्यंत काय काय दिसतं ते पाहायचं. पडजीभ, टाळूच्या कमानी सगळं दिसलं तर वर्ग पहिला. मऊ टाळूसुद्धा दिसली नाही तर चौथा. एकट्या या तपासणीवर विसंबून चालत नाही, पण मान, वजन आणि तोंड तिन्ही एकच सांगत असतील तर डॉक्टरांनी ते ऐकायलाच हवं.

आणि ‘तोंड दोन बोटं’. ताई, चिठ्ठीतलं हे मला सगळ्यात गंभीर वाटतं, आणि यात वजनाचा काहीही संबंध नाही. हा खर्रा आहे.

यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, कुठेही जा, पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देणारा माणूस सकाळपासून बसलेला असतो. बाया उघडपणे ठेल्यावर जात नाहीत, घरच्या कुणाकडून आणवतात, म्हणून त्यांच्या खर्ऱ्याचा हिशेब कुठेच लागत नाही. वर्षानुवर्षं सुपारी गालात धरली की गालाच्या आतलं मऊ कातडं पांढरट, ताठ होत जातं. तिखट लागलं की तोंड जळतं. तोंड हळूहळू मिटत येतं, इतकं हळू की माणसाला ते जाणवतही नाही; भाकरीचा घास लहान होतो, एवढंच. स्वतःची तीन बोटं एकावर एक अशी उभी पुढच्या दातांमध्ये गेली पाहिजेत. आईंच्या तोंडात दोनच जातात. तेवढ्या जागेत लॅरिंगोस्कोपचं पातं घालायचं, जीभ उचलायची, त्याच्या बाजूने नळी न्यायची आणि ती कुठे जाते तेही पाहायचं. आता कॅमेरा लावलेला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आला आहे, तो फार उपयोगाचा आहे, पण त्यालाही तोंडात शिरायला जागा लागतेच. भूल दिल्यावर स्नायू सैल होतात, मग तोंड आपोआप उघडेल असं कुणी म्हणेल. सुपारीने ताठलेलं कातडं औषधाने सैल होत नाही.

म्हणजे आईंच्या बाबतीत वजनामुळे वेळ कमी आहे आणि खर्ऱ्यामुळे वाट अरुंद आहे. यातलं एकच असतं तर त्या डॉक्टरांनी कदाचित तिथेच हिंमत केली असती. दोन्ही एकत्र असताना तालुक्याच्या ठिकाणी, जिथे भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून गाडीने येतो, केस करतो आणि रात्री परत जातो, जिथे त्याच्या मदतीला दुसरा भूलतज्ज्ञ नाही आणि आयसीयू नाही, तिथे नको म्हणणं हेच रुग्णाच्या भल्याचं. मीही हेच सांगितलं असतं.

घाबरून जाऊ नका, म्हणून प्रमाणही सांगते. ब्रिटनमध्ये सगळ्या सरकारी रुग्णालयांतल्या भुलींवर वर्षभर नजर ठेवून २०११ मध्ये एक मोठा अहवाल निघाला. श्वासमार्गाची गंभीर गुंतागुंत पूर्ण भुलीच्या साधारण २२,००० प्रसंगांत एकदा झाली होती. लठ्ठ माणसांत हा धोका दुप्पट, अतिलठ्ठ माणसांत चौपट निघाला. आईंचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४६ च्या वर आहे, म्हणजे त्या चौपटीच्या गटात येतात. तरीसुद्धा नीट तयारीच्या ठिकाणी आई सुखरूप घरी येण्याची शक्यता फार मोठी आहे. फक्त तो आकडा साधनं आणि माणसं हाताशी असलेल्या रुग्णालयांतला आहे, हे विसरू नका.

आता घोरणं. जगभर भूलतज्ज्ञ आठ साधे प्रश्न विचारतात. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा आणि झोप येते का, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलं आहे का, बीपी आहे का, बीएमआय ३५ च्या वर आहे का, वय ५० च्या वर आहे का, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आहे का, पुरुष आहात का. आठपैकी पाच किंवा जास्त ‘हो’ आले तर झोपेत श्वास अडण्याचा आजार असण्याची दाट शक्यता. तुमच्या पत्रातूनच आईंचे सात ‘हो’ येतात. झोपेत ज्यांचा घसा असा मिटतो, त्यांचा घसा भुलीच्या औषधाने तर मिटतोच, पण ऑपरेशन झाल्यावर दुखण्यासाठी दिलेल्या जोरदार औषधांनी रात्री वॉर्डातही मिटू शकतो. हे ज्याला माहीत नाही तो डॉक्टर दुखणं थांबावं म्हणून चांगल्या मनाने मॉर्फिनसारखं इंजेक्शन देईल, आई शांत झोपतील, सगळे म्हणतील बरं झालं डोळा लागला, आणि ऑक्सिजन खाली खाली जात राहील. ‘घोरणं आणि खर्रा सांगू नका’ हा सल्ला ज्याने दिला, त्याला याची कल्पना नसेल. पण मला तो ऐकून खरोखर भीती वाटली. मोठ्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत, न विचारता, दोन्ही सांगा. आईंना संकोच वाटत असेल तर तुम्ही सांगा. घोरण्याचा आणि श्वास थांबण्याचा मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, तो डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडे असे व्हिडिओ आणणारे नातेवाईक मला फार मदत करून जातात.

पाठीत सुई. सिझेरियनला, पायाच्या ऑपरेशनला, उद्या आईंचे गुडघे बदलायची वेळ आली तर त्यालाही ती उत्तम, आणि वजन जास्त असलेल्या माणसाला तर मी शक्य तिथे तीच सुचवते, कारण श्वास माणसाचा स्वतःचा राहतो. पण दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढताना पोटात गॅस भरतात. तो छातीचा पडदा वर दाबतो, खांद्यात दुखतं, आणि वरच्या पोटापर्यंत बधिरपणा चढवायचा तर बरगड्यांचे स्नायूही थोडे ढिले पडतात. ज्यांना नुसतं उताणं झोपूनच धाप लागते त्यांना हे जागेपणी सोसत नाही. मग काय होतं? मधेच भूल अपुरी पडते, झोपेचं इंजेक्शन दिलं जातं, घसा मिटतो, आणि पोट फुगलेलं, अंगावर हिरवी चादर, डॉक्टरांचे हात पोटात, अशा वेळी घाईघाईने नळी टाकायची पाळी येते. जी नळी शांतपणे, पूर्ण तयारीने टाकायलाच अवघड, ती सगळ्यात वाईट क्षणी टाकायची. म्हणून मी तिथे जाऊ नका म्हणते.

वजन कमी करून मग करावं का, हा प्रश्न योग्य आहे, पण उपाशी राहून वजन झपाट्याने उतरवलं तर पित्ताचे खडे उलट वाढतात. आणि तीनदा दुखणं उठलं आहे, चौथ्यांदा पिशवी पिकली किंवा खडा नळीत अडकला तर ऑपरेशन घाईत, तापात आणि भरल्या पोटी करावं लागेल. म्हणून वेचणी संपेपर्यंत थांबू नका; तारीख मिळेपर्यंत तळण, तेल-तर्री बंद, आणि आहार किती कमी करायचा ते तिथल्या डॉक्टरांना विचारून. खर्रा मात्र आजपासून बंद. आधीच मिटलेलं तोंड त्याने लगेच उघडणार नाही, पण आणखी मिटणं थांबेल, आणि पुढे यातूनच तोंडाचा कॅन्सर होतो तो धोकाही कमी होईल. तोंड उघडण्याचे व्यायाम असतात, दातांच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या. सावंगीला गेलात तर दंत महाविद्यालय त्याच परिसरात आहे.

तुम्ही यवतमाळच्या सरकारी महाविद्यालयात जा, सावंगीला जा की सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, मला तिन्हीकडे चालेल. घरापासून जवळ, जिथे एक माणूस सोबत राहू शकेल, ते ठिकाण निवडा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जा, महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथेच कळेल. सर्जनने तारीख दिली की लगेच भुलीच्या ओपीडीत दाखवा, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका. चिठ्ठी पुढे ठेवा आणि विचारा: नळी कशी टाकणार? व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि नाकातून जाणारी बारीक दुर्बीण आहे का? त्या दिवशी दुसरे भूलतज्ज्ञ सोबत असतील का? ऑपरेशननंतर पहिली रात्र आयसीयूत किंवा बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावून ठेवणार का? हे विचारल्याने कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही. झोपेची तपासणी करून सीपॅप नावाचं, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन रात्री लावायला दिलं तर कंटाळा न करता लावा आणि भरती होताना सोबत न्या.

बहुतेक तिथले डॉक्टर म्हणतील की नळी जागेपणीच टाकू. हे ऐकून आईंचा धीर सुटेल, म्हणून आधीच समजावून ठेवा. ही शिक्षा नाही, आईंसारख्यांसाठी तो सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे, कारण नळी बसेपर्यंत त्यांचा श्वास त्यांचाच चालू राहतो. आधी नाक आणि घसा औषधाच्या वाफेने, फवाऱ्याने बधिर करतात. औषध कडू लागतं, घशात गोळा आल्यासारखं वाटतं, गिळता येत नाही असं वाटतं. ते औषधाचं काम आहे, गुदमरणं नाही. मग पेन्सिलीपेक्षाही बारीक, लवचीक दुर्बीण नाकातून हळूहळू खाली नेतात. डॉक्टर सांगतील, ‘आई, लांब श्वास घ्या.’ तेवढंच करायचं. खोकला येईल, डोळ्यांत पाणी येईल. हाताने ओढायचं नाही. दुर्बीण श्वासनलिकेत पोचली की तिच्यावरून नळी सरकवतात, नळी बसल्याची खात्री होते आणि त्याच क्षणी झोपेचं औषध सुरू करतात. नंतर बहुतेकांना यातलं फारसं आठवतही नाही.

वाट नाकातूनच काढायची गरज नाही असं त्यांनी ठरवलं, तर आईंना सपाट झोपवणार नाहीत. खांदे आणि डोक्याखाली घड्या घातलेल्या चादरी, उशा रचून कान आणि छातीच्या हाडाचं वरचं टोक एका पातळीत येईल इतकं उचलतात. लोकांना वाटतं ही नुसती सोय आहे. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या अतिलठ्ठ रुग्णांवरच्या एका अभ्यासात, जो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, डोक्याकडची बाजू २५ अंश उचलून ऑक्सिजन दिल्यावर सुमारे पाऊण मिनिट जास्त मिळालं. तीन मिनिटांच्या हिशेबात पाऊण मिनिट म्हणजे केवढं, ते तुम्हाला आता कळेल. शिवाय नाकाशी ऑक्सिजनची बारीक नळी चालू ठेवतात, म्हणजे श्वास थांबलेला असतानाही थोडा ऑक्सिजन आत जात राहतो. भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या अवघड श्वासमार्गाविषयीच्या संघटनेने २०१६ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही यावर भर आहे. खर्च जवळपास शून्य, आणि हे छोट्या दवाखान्यातही करता येतं. तालुक्यातल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनी हे प्रत्येक जाड रुग्णात करावं, असं मला मनापासून वाटतं.

ऑपरेशनच्या दिवशी घरच्यांकडून एक गोष्ट नेहमी होते. पहाटेची गाडी पकडायची म्हणून ‘चहा त घे, चहानं काय होते’ असं म्हणून दुधाचा चहा आणि टोस्ट दिला जातो. दुधाचा चहा म्हणजे जेवणच धरा. तो आणि हलकं खाणं सहा तास आधी बंद, जड जेवण आठ तास आधी. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण तेही डॉक्टरांनी सांगितलं असेल तसंच. बीपीची गोळी घ्यायची की नाही ते विचारून घ्या. खर्रा खाणाऱ्यांचे दात हलत असतात. हलणारा दात कोणता ते बोट लावून दाखवा. नेलपॉलिश काढा, बोटांच्या टोकांना मेंदी नको, ऑक्सिजनचं मशीन चुकू शकतं.

नळी काढतानाही तेवढीच काळजी लागते. आई पूर्ण जाग्या झाल्यावर, हाक मारल्यावर डोळे उघडून मान उचलू लागल्यावर, अर्धवट बसवूनच नळी काढतात. त्यामुळे ऑपरेशन झालं तरी बाहेर यायला उशीर लागला तर दारावर थापा मारू नका. वॉर्डात आल्यावर आराम पडावा म्हणून कुणी त्यांना सपाट झोपवेल, उशी काढेल. काढू देऊ नका, पाठ उंचच राहू द्या. झोपेची गोळी घरून आणलेली असेल तर देऊ नका. घोरणं मधेच थांबून पुन्हा सुरू होत नसेल, ओठ निळसर वाटले, उठवून उठत नसतील, तर सिस्टरला लगेच हाक मारा, रात्रीचे दोन वाजलेले असोत. पहिल्या रात्री सोबतीला झोपाळू माणूस ठेवू नका.

सुटी होण्याआधी भूलतज्ज्ञांकडून एका कागदावर लिहून घ्या की नळी कशाने टाकली, मास्कने हवा देता आली का, किती प्रयत्न लागले. आईंचं पुढे कुठलंही ऑपरेशन झालं, अपघात झाला, तर हा कागद डॉक्टरांना सगळ्यात आधी दाखवायचा. त्याला प्लास्टिक लावून घ्या आणि मोबाईलवर फोटो काढून घरातल्या प्रत्येकाकडे ठेवा.

आणि तारीख मिळण्याआधीच दुखणं उठलं, ताप आला, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा पोट चार-पाच तासांत शांत झालं नाही, तर गावातल्या सलाईनवर वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि चिठ्ठी सोबत घेऊन सरळ मोठ्या दवाखान्यात जा. दारातच सांगा: वजन ११२, तोंड दोन बोटं, झोपेत श्वास थांबतो, शेवटचं खाणं अमुक वाजता.